आधी कागद, मग भाव

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्याला आता पंचवीस वर्षं होत आली. कुणी त्याची आठवण काढेल अशी अपेक्षा नव्हतीच. पण मागे सिव्हिल लाइन्समध्ये बँक अधिकाऱ्यांच्या एका प्रशिक्षण वर्गाला जाऊन बसलो आणि मुंबईहून आलेल्या तरुण वक्त्याने आमच्या पिढीची अख्खी नोकरी एका वाक्यात निकालात काढली. पूर्वी म्हणे बँका रोखे खरेदीच्या भावानेच लिहून ठेवायच्या. वाजवी मूल्य ही भानगड खरी सुरू झाली 1 एप्रिल 2024 पासून, रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश लागू झाले तेव्हा. मग त्याने लेव्हल एक, दोन, तीन असा जिना काढला. ज्या रोख्याचा स्वतःचा भाव बाजारात रोज दिसतो तो पहिल्या पायरीवर. ज्याचा भाव दिसत नाही, पण व्याजदरांसारख्या दिसणाऱ्या आकड्यांवरून काढता येतो तो दुसऱ्या. आणि जिथे बँकेला स्वतःच्या अंदाजावर विसंबून राहावं लागतं तो तिसऱ्या. मांडणी चोख होती, पोरगा हुशार होता. नागपुरात बसून तीन तास वाजवी मूल्य शिकवलं आणि जिल्हा बँकेचं नाव एकदाही निघालं नाही, एवढंच.

1991 पर्यंतच्या काळाबद्दल त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि त्या काळात सांगण्यासारखंही फारसं नाही. व्याजदर सरकार ठरवायचं, रोखे बँकांच्या गळ्यात पडायचे, मुदत संपेपर्यंत तिजोरीत झोपायचे. भाव विचारून करायचं काय?

1992 च्या रोखे घोटाळ्याने झोप उडवली. हर्षद मेहताचं नाव सगळ्यांना पाठ आहे, बँक ऑफ कराडचं फार कमी लोकांना. सातारा जिल्ह्यातल्या या छोट्या बँकेने मुंबईतून ज्या बँक पावत्या दिल्या, त्यांच्यामागे रोखे नव्हतेच. रोखा नंतर देऊ, तूर्त ही पावती ठेवा, असा तो व्यवहार. बँक बुडाली आणि तिचा कारभार पुढे बँक ऑफ इंडियाकडे गेला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने गुंतवणुकीचे दोन भाग पाडायला लावले, कायम आणि चालू. चालू भागाला बाजारभाव लावायचा. हा भाग सुरुवातीला किमान 30 टक्के ठेवून वर्षागणिक वाढवत नेला. म्हणजे वाजवी मूल्याची सुरुवात 2024 ची नाही, 1992 ची आहे, आणि ती कुठल्या पुस्तकातून नाही, मार खाऊन झाली.

मला सांगायचं आहे ते पुढच्या दशकाबद्दल, साधारण 1995 ते 2005. तेव्हा मी एका बँकेच्या गुंतवणूक विभागात होतो. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक फॅक्स, एसटीडीची सोय असलेला एक फोन आणि हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं रोखे रजिस्टर. 31 मार्च जवळ आला की प्रत्येक रोख्यापुढे भाव भरायचा. सरकारी रोख्याचं गणित अवघड नसतं. येणारं व्याज आणि शेवटी परत येणारी मुद्दल आजच्या दराने वळती करायची, की किंमत निघाली. 100 रुपये दर्शनी किमतीचा, 10 टक्के व्याजाचा, सहामाही व्याज देणारा दहा वर्षांचा रोखा घ्या. बाजारातला परतावा 12 टक्के असेल तर त्याची किंमत 88 रुपये 53 पैसे. परतावा 6 टक्क्यांवर उतरला तर तोच रोखा 129 रुपये 75 पैशांचा. रोखा तोच, व्याज तेच, फक्त मधला दर बदलला. संचालकांच्या बैठकीत हे समजावताना घाम फुटायचा, कारण दर घसरला की किंमत वाढते हे आमच्या एका ज्येष्ठ संचालकांना शेवटपर्यंत पटलं नाही.

खरी अडचण होती तो मधला दर आणायचा कुठून ही. वृत्तपत्रात मोजक्या, रोज हातोहात फिरणाऱ्या रोख्यांचे भाव यायचे. आमच्याकडे असायचे ते राज्य सरकारांचे, महामंडळांचे, वर्षानुवर्षं कुणी विकत न घेतलेले. मग फोन दलालाला. ‘सर, एकशे चार वीस पकडा,’ असं तो सांगायचा आणि आम्ही 104.20 लिहायचो. हाच दलाल ते रोखे आम्हाला विकून गेलेला असायचा. कळमन्याच्या बाजारात ज्याच्याकडून माल घेतला त्यालाच उद्या त्या मालाचा भाव विचारावा, तसं ते होतं. 1998 मध्ये फिमडा ही रोखेबाजारातल्या बँकांची आणि संस्थांची संघटना उभी राहिली आणि तिचे दरपत्रक येऊ लागले, तेव्हा कुठे दलालाचा फोन बंद झाला. बिगरसरकारी रोख्यांना सरकारी दरावर वरचा फरक लावायचा नियम होता. बाजारात नसलेल्या कंपनीच्या शेअरला ताळेबंदावरून निघणारी किंमत. आणि ताजा ताळेबंदच मिळाला नाही तर? अख्ख्या कंपनीला 1 रुपया. हा नियम मला आजही फार आवडतो. कागद दाखवत नाहीस ना, मग तुझी किंमत एक रुपया. नव्या निर्देशांतही तो टिकला आहे, फक्त ताळेबंद 18 महिन्यांपर्यंत जुना चालतो.

30 सप्टेंबर 2000 पासून दोनाचे तीन कप्पे झाले. मुदतीपर्यंत ठेवायचे, विकायला मोकळे आणि व्यापारासाठीचे. पहिल्या कप्प्याला बाजारभाव लागत नसे. मग दर वर्षी बैठकीत एकच प्रश्न: कोणता रोखा कुठल्या कप्प्यात टाकला तर नफा छान दिसेल? त्यात व्याजदर असे कोसळत गेले की सगळेच शहाणे ठरले. 1995 मध्ये 14 टक्क्यांनी कर्ज काढणाऱ्या सरकारने 2003 मध्ये सहा टक्क्यांच्या आतबाहेर रोखे विकले. जुने रोखे विकून आलेला नफा कर्जवसुलीतली भोकं झाकायला पुरून उरला. त्या तीन-चार वर्षांत रोखेविक्रीच्या जोरावर कर्तबगार ठरलेले कितीतरी बँकवाले मी पाहिले. दर चढू लागल्यावर त्यांची कर्तबगारी कुठे गेली कोण जाणे.

आणि याच सुगीत नागपूर जिल्हा बँक लुटली गेली.

होम ट्रेडच्या जाहिराती आठवतात? सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन, तिघेही टीव्हीवर. कंपनी नक्की करते काय, हे जाहिरातीतून कळत नसे. 2001-02 मध्ये जिल्हा बँकेने होम ट्रेड आणि आणखी काही खासगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे मोजले. रोखे आले नाहीत, पैसेही आले नाहीत. रक्कम दीडशे कोटींच्या घरातली, तीही शेतकऱ्यांच्या आणि गावोगावच्या सोसायट्यांच्या बँकेची. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही त्याच कंपनीच्या नादाने पोळल्या. एप्रिल 2002 मध्ये गुन्हा दाखल झाला.

यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी, की पैसे देताक्षणी रोखा खात्यात, ही सोय रिझर्व्ह बँकेने 1995 मध्येच सुरू केली होती. सरकारी रोखा हा काही हिरे-माणकांचा व्यवहार नाही. रिझर्व्ह बँकेच्या खातेवहीत तुमच्या नावापुढे तो जमा झाला तर तो आहे, नाहीतर नाही. आमच्याकडे एक हेडक्लार्क होते, वऱ्हाडातले. दलालाचा करारनामा फॅक्सवर आला की हिशेबाला हात लावण्याआधी विचारायचे, ‘काय जी, कागद आला का?’ करारनामा त्यांच्या लेखी कागद नव्हताच. खात्यात जमा झाल्याची नोंद दिसेपर्यंत ते रजिस्टरात शिसपेन्सिलीने लिहायचे, शाईने नाही. मुंबईचे दलाल त्यांना मागासलेले समजत.

गणिताचा दोष असा, की नसलेल्या रोख्याचंही वाजवी मूल्य ते बिनतक्रार काढून देतं. व्याज किती, मुदत किती, आजचा दर किती, एवढं भरा की उत्तर तयार, दोन दशांश स्थळांपर्यंत. रोखा आहे का, हा प्रश्न सूत्रात कुठेच नाही. तो विचारणारा माणूस लागतो. भाव सांगणारा विकणाऱ्याहून वेगळा हवा, आणि रोखा असल्याची ग्वाही देणारा दोघांहून वेगळा. हे सगळं नागपूरने महागात शिकवलं, आणि 2002 मध्येच रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे कागदावर न ठेवता खात्यातच ठेवण्याची सक्ती केली.

जिल्हा बँकेला त्याचा उपयोग झाला नाही. 2012 उजाडलं तरी तिच्याकडे बँकिंगचा परवाना नव्हता, भांडवल खचलेलं होतं. केंद्राने 2014 मध्ये परवान्याविना राहिलेल्या 23 जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवन योजना केली. त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या आणि तिन्ही विदर्भातल्या: नागपूर, वर्धा, बुलढाणा. खटल्याचा निकाल लागला 22 डिसेंबर 2023 रोजी. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जण दोषी ठरले. केदारांना पाच वर्षांची शिक्षा झाली, आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं आणि जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. अंतिम न्याय काय व्हायचा तो होईल. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा केदारांच्या सावनेर मतदारसंघाच्या जागेची होती, रोख्यांची नाही.

नंतरच्या वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती एकाच चालीवर गेली. भाव बँकेच्या बाजूने असतो तोवर तो वाजवी, विरुद्ध गेला की सवलत. सप्टेंबर 2004 मध्ये व्याजदर वर चढले, तेव्हा बँकांना रोखे पहिल्या कप्प्यात हलवण्याची मुभा मिळाली. ऑगस्ट 2013 मध्ये रुपया घसरला तेव्हा ऑगस्टचा तोटा दिसू नये म्हणून 15 जुलैचे भाव धरून रोखे हलवू दिले. झालेला तोटा चार तिमाह्यांत विभागून दाखवायची परवानगी एप्रिल 2018 मध्ये आली. बुलढाण्याच्या शेतकऱ्याला कापसाचा भाव पडल्यावर मागच्या महिन्याचा भाव लावून कुणी पैसे दिल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्या कप्प्याला बाजारभाव लागत नाही त्यातला तोटा किती खरा असतो, हे मार्च 2023 मध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ठेवीदारांनी दाखवून दिलं. रांग लागल्यावर मुदतीपर्यंत कोण थांबतं?

आता सरकारी रोख्यांचे भाव एफबीआयएल ही संस्था काढते, 31 मार्च 2018 पासून. संध्याकाळी फाइल येते, संगणक ती ओढून घेतो आणि ताळेबंदात आकडा बसतो. दलालाच्या फोनपेक्षा हे शंभर पटींनी चांगलं, यात वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. फाइल येते म्हणून विचारणारा माणूसच काढून टाकला. इंडसइंड बँकेने मार्च 2025 मध्ये जाहीर केलं, की डेरिव्हेटिव्हच्या हिशेबात गफलत आहे आणि त्याचा फटका बँकेच्या नक्त मालमत्तेच्या सुमारे 2.35 टक्के बसेल. व्यवहारांची एक बाजू बाहेरच्या बाजारात, दुसरी बँकेच्याच आतल्या विभागात, आणि दोन्ही बाजूंना मोजण्याची रीत निराळी. मुंबईतली मोठी खासगी बँक, दिमतीला नामांकित लेखापरीक्षक, आणि व्यवहाराच्या पलीकडे कोण उभा आहे हा प्रश्न वर्षानुवर्षं कुणाला पडला नाही. आमच्या हेडक्लार्कांनी हे पहिल्या दिवशी शिसपेन्सिलीने लिहिलं असतं.

बरं, ते 2023 मध्ये निघालेले नवे निर्देश, ज्यांचं त्या वर्गात एवढं कौतुक झालं, ते व्यापारी बँकांसाठी आहेत, तेही प्रादेशिक ग्रामीण बँका वगळून. जिल्हा बँका त्यात नाहीतच. जिथे भाव विचारणारी माणसं सर्वांत कमी आणि दलालाची मोटार सर्वांत आधी पोहोचते, तिथे जुनेच कप्पे.

वक्त्याने शेवटी एक उदाहरण सोडवायला दिलं, पुढे कधीतरी मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचं. त्याच सूत्रात मी घरी येऊन दुसरे आकडे घातले. समजा, ते दीडशे कोटी निकालाच्या दिवशी बँकेला पै न पै परत मिळाले असते, पण बिनव्याजी. 2002 पासून 21 वर्षं, दर 10 टक्के धरला. 2002 च्या भावाने उत्तर येतं 20 कोटींच्या आसपास. केदारांना झालेल्या दंडाचे साडेबारा लाख यात धरलेले नाहीत.