जराराका : ब्राझीलच्या जंगलातला चापडा

विषारी सापांची लेखमाला : लेखांक ९

गेल्या आठवड्यात फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं कसं होतं ते आपण पाहिलं. आज त्याच कुळातल्या, पण दुसऱ्या शाखेच्या एका सापासाठी थेट ब्राझीलला जायचं आहे. त्याचं नाव जराराका, शास्त्रीय नाव बोथ्रॉप्स जराराका. आपल्या सह्याद्रीत ज्यांना चापडा म्हणतात, त्यांचा हा दूरचा भाऊबंद. वैद्यकाला या एका सापानं दोन मोठ्या गोष्टी दिल्या. प्रतिविष ज्या-त्या सापाच्या विषावरच बनवावं लागतं, हा नियम त्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या विषावर काम करताना पक्का झाला. आणि आज घरोघरी घेतल्या जाणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एका मोठ्या गटाची वाट त्याच्याच विषातून निघाली.

पाचोळ्यातला शिकारी

ब्राझीलच्या आग्नेय भागात समुद्राला समांतर पसरलेलं अटलांटिक जंगल हे जराराकाचं मुख्य घर. जंगल तुटत गेलं तसा तो शेतांच्या बांधांवर, कॉफीच्या मळ्यांत, गावांच्या कडेलाही टिकून राहिला. त्यामुळे माणसाची आणि त्याची गाठ वारंवार पडते. बहुतेक साप मीटरभराच्या आतबाहेर असतात, काही दीड मीटरच्याही पुढे जातात. माद्या नरांपेक्षा लांब आणि जाडजूड. रंग तपकिरी, राखाडी किंवा शेवाळी. अंगाच्या दोन्ही बाजूंना गडद त्रिकोणी ठसे आणि डोळ्यामागून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला काळसर पट्टा. वाळक्या पानांत वेटोळं घालून बसला की हातभर अंतरावरूनही तो दिसत नाही.

चापड्यांच्या शाखेला घोणस-फुरशांपासून वेगळं काढणारी खूण म्हणजे डोळा आणि नाकपुडी यांच्या मधली खोलगट खाच. दोन्ही गालांवर एकेक. प्रत्येक खाचेत एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो, पुढेही हवा आणि मागेही हवा. समोर उंदरासारखं ऊबदार शरीर आलं की त्याच्या उष्णतेचे किरण या पडद्यावर पडतात आणि तो किंचित तापतो. हा फरक अंशाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागेल इतका बारीक असतो, तरीही पडद्यातल्या मज्जातंतूंना तो कळतो. पडदा इतका पातळ असल्यामुळेच तो पटकन तापतो आणि पटकन निवतो, म्हणून हलणाऱ्या भक्ष्याचाही माग लागतो. मेंदूत ही उष्णतेची माहिती डोळ्यांनी पाहिलेल्या चित्रावर बसवली जाते. मिट्ट काळोखातही सापाला समोरच्या सजीवाची जागा आणि आकार यांचा अंदाज येतो.

चापड्यांच्या शाखेतल्याच रॅटलस्नेकवर अभ्यास करून २०१० साली डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेनं उष्णता टिपणारं प्रथिन ओळखलं. त्याचं नाव टीआरपीए-१. हे प्रथिन आपल्याही मज्जातंतूंत असतं. मोहरीचा झणका आपल्याला जाणवतो तो त्याच्यामुळे. उत्क्रांतीनं चापड्यांमध्ये त्याच प्रथिनात थोडे बदल घडवून त्याला उष्णता ओळखायच्या कामाला लावलं.

वय बदलतं तसं विषही बदलतं

जराराका अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. नर-मादीचं मीलन दक्षिण गोलार्धातल्या शरदात, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास होतं. मादी नराचं बीज हिवाळाभर शरीरात जपून ठेवते, वसंतात फलन होतं आणि उन्हाळा सरता-सरता पिल्लं बाहेर येतात. जंगलात बेडकांची चंगळ असते तो हाच काळ.

पिल्लांचं मुख्य खाणं म्हणजे बेडूक आणि गोमा. उंदीर पकडण्याइतका त्यांचा आकारच नसतो. त्यांच्या शेपटीचं टोक फिकट पांढुरकं असतं. पिल्लू निश्चल बसून तेवढं टोक अळीसारखं वळवळवतं आणि खाऊ समजून जवळ आलेल्या बेडकाला धरतं. मोठा झाल्यावर जराराका मुख्यतः उंदरांवर जगतो आणि शिकारीची रीतही बदलतो. बेडूक तो तोंडात धरून ठेवतो, कारण बेडूक उलटून चावून त्याचं फारसं नुकसान करू शकत नाही. उंदराचे दात मात्र धोक्याचे. म्हणून उंदराला दंश करून लगेच सोडून देतो आणि मग जीभ बाहेर-आत करत, वासाच्या मागावर जाऊन मेलेला उंदीर शोधून गिळतो.

दंशानंतर उंदीर पळून जातो आणि तो सापडायला हवा असतो. तो जितका दूर जाईल तितकं जेवण हातचं जाण्याची शक्यता वाढते. विषाला त्याला काही पावलांतच खाली पाडावं लागतं. या गरजेतूनच पुढची सगळी कथा घडली आहे. आहार बदलतो तसं विषाचं मिश्रणही वयानुसार बदलतं. पिल्लांच्या विषात रक्त गोठवणाऱ्या घटकांचा जोर जास्त असतो. प्रौढांच्या विषात ऊती विरघळवणारे आणि रक्तस्राव घडवणारे घटक वरचढ होतात.

विष नेमकं काय करतं

जराराकाचं विष म्हणजे अनेक प्रथिनांचं आणि लहान पेप्टाइडांचं मिश्रण. त्यातला एक मोठा गट जस्ताच्या अणूवर चालणाऱ्या विकरांचा. यातलं जरारहॅगिन नावाचं विकर केशवाहिन्यांना आधार देणारा तळाचा थर कुरतडतं. भिंत कमकुवत झाली की रक्ताच्या दाबानंच ती फाटते आणि रक्त आजूबाजूच्या मांसात झिरपू लागतं. दुसरा गट रक्त गोठवण्याच्या साखळीत घुसतो. तो फायब्रिनोजेन हे गोठण प्रथिन इतक्या वेगानं खर्चून टाकतो की थोड्या वेळात रक्तात ते उरतच नाही. एकीकडे वाहिन्या गळतात आणि दुसरीकडे गळती थांबवणारं साहित्य संपलेलं असतं.

माणसाला दंश झाला तर त्या जागी प्रचंड वेदना आणि सूज येते, फोड उठतात, कधी मांस सडतं. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ शकतं आणि काही रुग्णांची मूत्रपिंडं बंद पडतात. ब्राझीलमध्ये दरवर्षी हजारो लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांतले बहुसंख्य दंश बोथ्रॉप्स गटातल्या सापांचे असतात. वेळेवर प्रतिविष मिळाल्यास बहुतेक जण वाचतात.

व्हिताल ब्राझील यांचा नियम

हे प्रतिविष ज्यांनी घडवलं ते व्हिताल ब्राझील. जन्म १८६५ चा, मिनास जेराइस प्रांतातला. तरुण डॉक्टर म्हणून ते साओ पाउलो प्रांतातल्या बोतुकातु गावी होते तेव्हा कॉफीच्या मळ्यांतले, अनवाणी राबणारे मजूर सर्पदंश होऊन त्यांच्याकडे येत. त्याच सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर सीरम तयार केलं होतं आणि ते इतर सापांच्या दंशावरही चालेल असं त्यांचं म्हणणं होतं. व्हिताल ब्राझील यांनी ते आपल्या देशातल्या सापांच्या विषावर तपासलं. ते निरुपयोगी ठरलं. मग त्यांनी जराराकासारख्या सापांच्या विषाविरुद्ध एक आणि तिथल्या रॅटलस्नेकविरुद्ध दुसरं अशी सीरम बनवली आणि दाखवून दिलं की एकाचं सीरम दुसऱ्याच्या विषाला पुरं पडत नाही. ज्या सापाचं विष, त्याच विषावर घोड्याच्या शरीरात तयार झालेलं प्रतिविष, हा नियम इथं पक्का झाला.

या कामाला जागा मिळाली ती प्लेगमुळे. १८९९ साली सांतोस बंदरात प्लेग आला आणि त्यावरचं सीरम करण्यासाठी साओ पाउलोजवळच्या बुटांटान नावाच्या शेतीवाडीवर प्रयोगशाळा उभी राहिली. १९०१ मध्ये तिची स्वतंत्र संस्था झाली आणि व्हिताल ब्राझील तिचे पहिले संचालक. मुंबईकरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगमुळेच शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन इथं आले आणि १८९९ मध्ये परळला प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन संस्था. एकाच साथीतून दोन खंडांवर दोन संस्था जन्मल्या आणि पुढे दोघींनीही सर्पविषावरच्या औषधाचं काम अंगावर घेतलं.

प्रतिविषासाठी विष हवं आणि विषासाठी जिवंत साप. व्हिताल ब्राझील यांनी शेतकऱ्यांशी सरळ देवाणघेवाण ठरवली. संस्थेकडून लाकडी पेटी आणि साप पकडायचा पट्ट्याचा फास जायचा. शेतकऱ्यानं साप पेटीत घालून रेल्वेनं पाठवायचा, त्याची वाहतूक फुकट. बदल्यात त्याला सीरमच्या कुप्या आणि सुई मिळायची. साप दिसताच ठेचणारा माणूस असा या कामात सामील झाला. साप कुठल्या भागातला आहे याची नोंदही त्यातून आपोआप जमत गेली. आजही ब्राझीलचं बोथ्रॉप्स-प्रतिविष पाच जातींच्या विषाचं मिश्रण वापरून बनतं आणि त्यात निम्मा वाटा एकट्या जराराकाच्या विषाचा असतो.

विषातून गोळीकडे

१९४८ साली साओ पाउलोत मौरिसियो रोशा ए सिल्व्हा, विल्सन बेराल्दो आणि गास्ताँव रोझेनफेल्ड या तिघांनी कुत्र्यांवर जराराकाच्या विषाचे प्रयोग केले. विष टोचलेल्या कुत्र्याच्या रक्तात त्यांना एक नवं द्रव्य आढळलं. ते आतड्याचा तुकडा सावकाश आकुंचित करायचं आणि रक्तदाब झपाट्यानं उतरवायचं. ते विषात नव्हतंच. कुत्र्याच्या स्वतःच्या रक्तातल्या प्रथिनापासून विषानं ते मोकळं केलं होतं. हे ब्रॅडीकायनिन.

ब्रॅडीकायनिन रक्तात काही सेकंदच टिकतं, कारण शरीर ते लगेच तोडून टाकतं. मग पळणाऱ्या उंदराला खाली पाडण्याइतका वेळ ते पुरतं कसं? याचं उत्तर १९६५ मध्ये रोशा ए सिल्व्हा यांचेच शिष्य सर्जिओ फेरेरा यांना सापडलं. विषातच लहान पेप्टाइडांचा एक गट होता, जो ब्रॅडीकायनिन तुटू देत नव्हता. विषातला एक घटक ते द्रव्य मोकळं करतो आणि दुसरा त्याला राखतो. उंदराचा रक्तदाब कोसळतो आणि तो खाली पडतो.

फेरेरा ही पेप्टाइडं घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं वाय. एस. बखले यांनी फुप्फुसातल्या एका विकरावर ती तपासली आणि ते विकर थांबतं असं दिसलं. हे विकर म्हणजे एसीई. त्याची दोन कामं आहेत. रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ तयार करणं हे एक, आणि वाहिन्या सैलावणारं ब्रॅडीकायनिन तोडणं हे दुसरं. ते थांबलं तर दोन्ही बाजूंनी रक्तदाब उतरतो.

पुढचं पाऊल अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत पडलं. विषातलं नऊ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड कृत्रिमरीत्या बनवून रुग्णांना टोचलं तेव्हा रक्तदाब खरोखर कमी झाला. पण ते पोटातून घेता येत नव्हतं, पचनात नष्ट होत होतं. डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंदेत्ती यांनी मग एसीईच्या मध्यभागी असलेल्या जस्ताच्या अणूला पकडेल असा, पेप्टाइडापेक्षा कितीतरी लहान रेणू आखला. १९७५ मध्ये तो तयार झाला : कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल ही त्याचीच पुढची भावंडं. या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला का लागतो, हेही आता समजेल. न तुटलेलं ब्रॅडीकायनिन श्वसनमार्गात साठतं आणि घशाला खवखव लावतं, असं मानलं जातं. असा खोकला आल्यास गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगावं. दुसऱ्या गटातलं औषध देता येतं.

औषधाचं पेटंट अमेरिकी कंपनीकडे गेलं. साप ब्राझीलचा आणि मूळ शोध ब्राझीलच्या शास्त्रज्ञांचे, तरी देशाच्या पदरात फारसं काही पडलं नाही, ही खंत तिथं आजही बोलून दाखवली जाते. ती रास्त आहे.

सह्याद्रीसाठी

जराराका इतका सविस्तर सांगायचं कारण आपल्या दाराशी आहे. आंबोलीपासून गोव्याच्या घाटांपर्यंत मलबारी चापडा राहतो, बांबूच्या बेटांत हिरवा चापडा असतो आणि दक्षिणेकडच्या घाटांत नाक वर उचललेला बुटका चापडा. केरळमध्ये या बुटक्या चापड्याच्या दंशानं मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं दगावली आहेत. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. चापड्यांचं विष त्यात नाही. शिवाय त्या चौघांचं विषही मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात वेगळं असू शकतं.

म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालेला नियम आपण अजून पुरता पाळलेला नाही. चापड्याचा दंश झाला तरी करायचं तेच : जागा चिरायची नाही, आवळून बांधायची नाही, हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचं. तिथं रक्तस्राव आणि मूत्रपिंडं यांवर लक्ष ठेवून उपचार होतात. पण डॉक्टरांच्या हातात नेमकं प्रतिविषही असायला हवं. त्यासाठी सह्याद्रीतल्या चापड्यांचं विष सह्याद्रीत गोळा व्हावं, दंशांची जिल्हावार नोंद व्हावी आणि जिथं गरज दिसेल तिथं त्या विषावरचं औषध बनावं. कॉफीच्या मळ्यातल्या मजुरांसाठी एका डॉक्टरनं रेल्वे, लाकडी पेट्या आणि शेतकऱ्यांच्या मदतीनं हे करून दाखवलं. आपल्याकडे सर्पमित्र आहेत, हाफकिनसारखी संस्था आहे, विषाचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. काजूच्या बागेत आणि भाताच्या खाचरात राबणाऱ्या माणसाला हे मिळायलाच हवं, आणि ते मागण्याचा हक्क आपला आहे.

पुढच्या आठवड्यात : ब्राझीलच्या किनाऱ्यापलीकडचं क्वेइमादा ग्रांदे बेट. समुद्राची पातळी वाढून मुख्य भूमीपासून तुटलेले जराराकाचे भाऊबंद तिथं उंदरांविना, मुख्यतः पक्ष्यांवर कसे जगले, याची गोष्ट.