"दुसरा टाकतो जाळं, तर मी काहून थांबू?" दबलेला डाव कसा ओळखायचा



दरवर्षी 16 जून ते 15 ऑगस्ट मध्यप्रदेशात नदीतली मासेमारी बंद असते. मासळी अंड्यावर असते म्हणून. तरी पांढुर्ण्याची जाम असो का सौंसरकडची कन्हान, हा प्रश्न निघतोच: "दुसरा टाकतो जाळं, तर मी काहून थांबू?"

प्रश्न चुकीचा नाही. त्याचा हिशेब मांडता येतो. गणितात त्याला गेम थिअरी म्हणतात.

एकाच डोहावर दोन डोंगे आहेत असं धरू. बंदी आणि पुढचा हंगाम मिळून कमाई, हजार रुपयांत (आकडे फक्त समजण्यापुरते):

🔹 दोघंही थांबले: 40-40
🔹 एकानंच टाकलं: टाकणाऱ्याला 50, थांबणाऱ्याला 20
🔹 दोघांनीही टाकलं: 25-25

आता फक्त आपल्या डोंग्याचं पाहा. दुसरा काय करेल ते आपल्या हाती नाही, म्हणून दोन्ही शक्यता वेगवेगळ्या तपासायच्या.

तो थांबला तर: थांबून 40, टाकून 50.
त्यानं टाकलं तर: थांबून 20, टाकून 25.

दोन्हीकडे थांबणं कमीच. दुसऱ्यानं काहीही केलं तरी जो डाव दुसऱ्या एखाद्या डावापेक्षा कमीच देतो, तो पक्का दबलेला डाव. तो कोणी खेळत नाही. म्हणून दोघंही जाळं टाकतात आणि 40 च्या जागी 25 घेऊन घरी येतात. यात कोणी मूर्ख नाही, हिशेबच तसा बसला आहे.

मग हिशेबच बदलावा लागतो. समितीनं बंदीत टाकणाऱ्याला दंड लावला आणि तो खरंच वसूल झाला, तर?

👉 दंड 5 हजार: टाकणाऱ्याला 45 किंवा 20, थांबणाऱ्याला 40 किंवा 20. एका ठिकाणी बरोबरी, एका ठिकाणी थांबणं कमी. जो डाव कधीच जास्त देत नाही, कुठं बरोबरीत राहतो, पण निदान एका ठिकाणी कमी पडतो, तो कच्चा दबलेला डाव. इथं अजूनही थांबणाराच दबला.

👉 दंड 10 हजार: टाकणाऱ्याला 40 किंवा 15. आता टाकणं दबलं, पण कच्चं.

👉 दंड 15 हजार: टाकणाऱ्याला 35 किंवा 10. दोन्हीकडे कमी. टाकणं पक्कं दबलं.

कच्च्या-पक्क्याचा फरक मोठा आहे. पक्का दबलेला डाव डोळे झाकून सोडता येतो. कच्च्यात मोह उरतो. 10 हजारांच्या दंडात, दुसरा थांबला असेल तर टाकणाऱ्याचं काही जात नाही. पण थांबलेल्या भावाचे मात्र 40 चे 20 होतात. म्हणून दंड बरोबरीवर आणून सोडू नका, थोडा वर न्या.

आणि राखण नसेल तर दंड कागदावरच राहतो. तीनदा टाकून एकदाच सापडला, तर 15 हजारांचा दंड सरासरीनं 5 हजारांचाच झाला.

⚠️ एक सावधगिरी: कधीतरी तोटा देणारा प्रत्येक डाव दबलेला नसतो. विल्यम डेव्हनपोर्ट यांनी 1960 साली जमैकातल्या एका मच्छीमार गावाचा असाच तक्ता छापला होता. तिथं सगळे पिंजरे बाहेरच्या समुद्रात लावले, की प्रवाह जोराचा असताना तोटा होई. पण प्रवाह नसला, की सगळ्यात जास्त कमाई त्याचीच. तो डाव दबलेला नाही, जोखमीचा आहे.

पुढच्या बैठकीत आपल्या डोहाचे खरे आकडे घेऊन हा तक्ता मांडा. दंड किती हवा आणि राखण किती रात्री हवी, ते त्यातूनच कळेल.