मार्कंड्याचें देऊळ आणि राजधानीची कमान

दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा चामोर्शीजवळ, मार्कंड्याशीं, एकाएकीं उत्तरेस वळते. उत्तरवाहिनी नदीचें स्थान आपण पवित्र मानितों. मार्कंडेयानें शिवलिंगास मिठी मारून यमपाश चुकविला तो येथेंच, अशी श्रद्धा आहे. महाशिवरात्रीस रानांतील गांवोगांवचीं माणसें या तीरावर लोटतात. परंतु आज श्रोत्यांपुढें बोलावयाचें आहे तें पुराणाविषयीं नव्हे, दगडाविषयीं.

लोक या देवळास हेमाडपंती म्हणतात. हेमाद्रि तेराव्या शतकांतला, यादवांचा प्रधान. घडणीवरून हें मंदिर त्याच्याहून जुनें असल्याचें अभ्यासक मानितात. तें बांधणाऱ्यांस कमानीची गरज भासली नाहीं. खांबावर तुळई, तुळईवर शिळा. आणि शिखर म्हणजे एकेक थर किंचित् आंत सरकवीत निमुळता केलेला दगडांचा डोंगर. वरच्या दगडाचें ओझें हेंच खालच्या दगडाचें बंधन. अशी रचना शतकानुशतकें उभी राहते. मात्र दगड दाब सोसतो, ताण सोसत नाहीं. आडव्या शिळेवर वरून आघात झाला कीं ती मधोमध तडकते.

झालेंही तसेंच. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत अलेक्झांडर कनिंगहॅम येथें आले. त्यांनीं नोंदविलेली हकीकत अशी, कीं वीज कोसळून शिखराचा माथा ढासळला व मंडपाचें छत फोडून आंत पडला; पुढें चांद्याच्या एका गोंड राजानें जाडजूड खांब व कमानी उभारून तें छत सावरलें.

कोरीव खांबांच्या शेजारीं हें काम ओबडधोबड वाटतें, आणि पाहणारे त्यावर नाक मुरडतात. मला यांत अन्याय दिसतो. मोडलेल्या लांब शिळेच्या जागीं तशीच दुसरी चढविणें म्हणजे तोच धोका पुन्हां पत्करणें. कमानींत लहान लहान दगड एकमेकांस रेटून धरितात. तेथें सारा दाबच. ही विद्या गोंड राजांना परकी नव्हती. शिरपूर, मग बल्लारपूर, शेवटीं चांदा अशी त्यांची राजधानी हलत आली. चांद्याचा परकोट खांडक्या बल्लाळशहानें आरंभिला व धुंड्या रामशहाच्या काळीं पुरा झाला, असें सांगतात. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या त्याच्या चार वेशी. हत्तीवर चालून जाणारा सिंह हें त्या घराण्याचें राजचिन्ह. राजधानीच्या वेशीची कमान अशी देवळाच्या मंडपांत आली असावी. १७५१ मध्यें चांद्याचें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें.

अलीकडच्या वर्षांत पुरातत्त्व खात्यानें मुख्य मंदिराच्या शिखराचे दगड उतरवून जीर्णोद्धार हातीं घेतला. अशा कामांत नेहमींच प्रश्न उठतो, कीं मूळ कोणतें व उपरें कोणतें? केवळ पहिल्या शिल्पकाराचें तें मूळ, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल, तर पडत्या छताखालीं ज्यानें खांदा दिला त्याचेंही काम देवळाचेंच आहे. गोंडांच्या हातचा जो दगड तेथें असेल, तो काढण्यापूर्वीं त्यानें काय पेललें होतें तें आधीं मोजून पाहावें.