विश्लेषण : निपचित पडलेल्या रुग्णाला ‘मन’ असते का? मन-शरीर वाद अतिदक्षता विभागात कसा पोहोचला?

मन आणि शरीर वेगळे की एकच, हा वाद तत्त्वज्ञानाच्या वर्गातला म्हणून बहुतेक जण सोडून देतात. पण अपघातानंतर डोळे उघडे असूनही कशालाच प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांसाठी तो रोजचा प्रश्न असतो. आत कुणी आहे का, एवढेच त्यांना डॉक्टरांकडून हवे असते.

वाद सुरू कुठून झाला?

आजच्या स्वरूपातील वादाचे श्रेय फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त यांना दिले जाते. शरीर जागा व्यापते, मन विचार करते पण जागा व्यापत नाही; म्हणून ही दोन भिन्न द्रव्ये, असे त्यांनी १६४१ मध्ये मांडले. त्यावर सर्वांत नेमका आक्षेप कुणा प्राध्यापकाने नव्हे, तर हॉलंडमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या २४ वर्षांच्या राजकन्येने घेतला. बोहेमियाच्या एलिझाबेथ यांनी १६४३ मध्ये पत्र लिहून विचारले, की ज्याला आकार नाही, जे कशाला स्पर्श करू शकत नाही, ते मन हात कसा हलवते? देकार्त यांनी वस्तूच्या वजनाचा दाखला दिला. एलिझाबेथ यांचे समाधान झाले नाही, आणि खरे तर त्यानंतरही कुणी ते पुरते केलेले नाही.

भारतीय दर्शनांत काय म्हटले आहे?

इथे प्रश्नाची विभागणीच वेगळी आहे. सांख्य दर्शन द्वैतवादी, पण त्यात मन हे शरीराप्रमाणेच प्रकृतीचा, म्हणजे जड सृष्टीचा भाग असते. वेगळा असतो तो पुरुष, निव्वळ साक्षी. चार्वाकांना हा साक्षीही मान्य नव्हता. जडाच्या विशिष्ट संयोगातूनच चैतन्य निर्माण होते, अशी त्यांची भूमिका. त्यामुळे ‘पूर्वेकडे मन-शरीर एकच मानतात’ हे सर्रास ऐकू येणारे विधान फार ढोबळ आहे.

टेनिसचा प्रयोग काय होता?

केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २३ वर्षांच्या एका अपघातग्रस्त तरुणीची तपासणी प्रसिद्ध केली. ती जागी दिसे, पण सांगितलेले काहीही करत नसे. तिला एमआरआय यंत्रात ठेवून ‘टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा’ असे सांगण्यात आले, मग ‘स्वतःच्या घरातील खोल्यांतून फिरत आहात अशी कल्पना करा’ असे. दोन्ही वेळी मेंदूचे वेगवेगळे भाग निरोगी माणसाप्रमाणेच सक्रिय झाले. पुढे २०१० मध्ये ५४ रुग्णांवरील अभ्यासात याच खुणांचा भाषेसारखा वापर झाला : ‘हो’ म्हणायचे तर टेनिस, ‘नाही’ म्हणायचे तर घर, किंवा याच्या उलट. पाच रुग्णांच्या मेंदूत सांगितल्याप्रमाणे बदल दिसले. त्यातल्या एकाने कुटुंबाविषयीच्या साध्या प्रश्नांची उत्तरे दिली.

मग मन वेगळे असल्याचे सिद्ध झाले?

नाही. त्या तरुणीचे मन दिसले तेही मेंदूतील रक्तप्रवाहातूनच. प्रयोगाने धक्का दिला तो वेगळ्याच मताला : मन म्हणजे वागणूक आणि वागण्याची क्षमता, बाकी काही नाही, या मताला. वागणूक शून्य असूनही मन असू शकते. मात्र मेंदूतील हालचालींतून ‘अनुभव’ का निर्माण होतो, हे कोडे कायम आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९८ मध्ये मेंदूविज्ञानाचे अभ्यासक क्रिस्टॉफ कोख यांच्याशी पैज लावली होती, की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतील नेमकी खूण सापडणार नाही. २०२३ मध्ये कोख यांनी हार मान्य करून वाइनच्या बाटल्या दिल्या.

व्यवहारात फरक काय पडतो?

आधी एक गल्लत टाळायला हवी. मेंदूस्तंभ मृत झालेला रुग्ण आणि असा प्रतिसादहीन रुग्ण एक नव्हेत. पहिला भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मृत मानला जातो. त्यासाठी चार डॉक्टरांच्या मंडळाला किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या घ्याव्या लागतात. दुसरा जिवंत असतो, स्वतः श्वास घेऊ शकतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ४२ वर्षे परिचारिकांनी जपलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याचिका फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाची वाट खुली केली. २०१८ मध्ये घटनापीठाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रालाही मान्यता दिली.

अशा निर्णयांत ‘आता जाणीव उरलेली नाही’ हे निदान कळीचे ठरते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, खाटेशेजारी सूचना देऊनही कोणताच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचे एमआरआय किंवा ईईजीमध्ये आढळले.