जुनी मोटार आणि खिशातले चुंबक

पन्नास वर्षांपूर्वीची एखादी स्पोर्ट्स कार विकत घ्यायला आपण निघालो आहोत, अशी कल्पना करू. खिशात पैसे मोजकेच आहेत. समोर सारख्याच किमतीच्या दोन गाड्या उभ्या आहेत. पहिलीचा रंग आरशासारखा चकाकतो आहे आणि इंजिनही सुरेख चालते. दुसरीचा रंग उडालेला आहे, शिवाय ती निळसर धूर सोडते. कोणती घ्यावी? बहुतेक जण पहिलीकडे बोट दाखवतील. पण उत्तर देण्यापूर्वी आपल्याला थोडे रसायनशास्त्र आणि थोडे यंत्रशास्त्र पाहावे लागेल.

उदाहरण म्हणून इंग्लंडमधील ‘एमजीबी’ ही गाडी घेऊ. ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यामुळे त्यांचे सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि बेताचे पैसे असलेले तिकडचे हौशी लोक या गाडीचा आवर्जून विचार करतात.

सांगाडा कुठे आहे?

ट्रकला खाली भक्कम लोखंडी सांगाडा असतो आणि बाकी सारे त्यावर बसवलेले असते. एमजीबीला असा वेगळा सांगाडा नाही. वाकवून एकमेकांना वेल्डिंग केलेले पत्रे हाच तिचा सांगाडा. त्यातही उघड्या एमजीबीला पोलादी छप्पर नसते, फक्त कापडी टप असतो.

याने काय बिघडते? बुटांचे रिकामे खोके घ्या. झाकण चिकटपट्टीने पक्के करून खोके दोन्ही टोकांना धरून पिळा. मग झाकण काढून पुन्हा पिळा. फरक हातालाच कळेल. छप्पर नसलेल्या गाडीला वाकण्यापासून वाचवण्याचे काम मुख्यतः दारांखालून जाणाऱ्या दोन लांब, पोकळ पोलादी पेट्या करतात. त्यांना ‘सिल’ म्हणतात. त्यांचा पत्रा असतो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा!

गंज आतूनच का लागतो?

लोखंडावर पाण्याचा थेंब पडला की त्याखाली एक चिमुकला विद्युतघट तयार होतो. जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तिथे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. जिथे हवा भरपूर मिळते तिथे ऑक्सिजन हे इलेक्ट्रॉन स्वीकारतो. म्हणजे झीज होते ती हवा कमी लागणाऱ्या जागी. चिखलाने बुजलेले कोपरे अधिक सडतात ते यामुळेच. पाण्यात मीठ विरघळलेले असेल तर विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि झीज झपाट्याने होते. कोकणातल्या खिडक्यांचे गज आपण पाहिलेच आहेत. ब्रिटनमध्ये समुद्रापासून दूरही हेच घडते, कारण तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारट पाणी चाकांबरोबर उडून सिलमध्ये शिरते आणि तिथेच साचते.

गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाला फोड येतात. पण फोड दिसेपर्यंत आतले बरेचसे पोलाद गेलेले असते.

तपासणी कशी करावी?

सडलेल्या भागावर पुट्टी भरून वर रंग मारला की डोळा फसतो. चुंबक फसत नाही. मऊ कापडात गुंडाळलेले लहान चुंबक सिलवरून फिरवावे. पोलादावर ते चिकटते, पुट्टीच्या जाड थरावर घसरते. मात्र सडक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवलेला असेल तर चुंबकालाही ते कळणार नाही. म्हणून दुसरी कसोटी हवी. दार आणि शेजारचा पत्रा यांमधील फट वर-खाली सारखी आहे का ते पाहावे. मग जॅक लावून गाडी एका बाजूने किंचित उचलावी. फट बदलली किंवा दार अडकू लागले, तर सिल निकामी झाले असे समजावे.

इंजिनाची भाषा त्यामानाने सोपी आहे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त होते आहे, आणि गरम झाल्यावरही दाट पांढरी वाफ येत राहिली तर थंडाव्याचे पाणी आत झिरपत असावे. इंजिन बोल्ट सोडून बाहेर काढता येते, दुरुस्त करून परत बसवता येते. सिल मात्र कापून, गाडी वाकणार नाही असा आधार देऊन, नव्याने वेल्डिंग करावे लागते. त्यात कारागिराचे कितीतरी तास जातात आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच असतो.

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. साऱ्याच एमजीबी आता त्या वयाच्या झाल्या आहेत. तेव्हा गाडीत बसणाऱ्यांच्या जिवाची काळजी विकत घेणाऱ्यानेच करायची आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. चकचकीत गाडीवर चुंबक घसरले आणि रंग उडालेल्या गाडीवर ते घट्ट चिकटले, दारेही नीट लागली, तर आम्ही दुसरीच निवडू. छप्पर असलेली ‘एमजीबी जीटी’ चालत असेल तर आणखी बरे. ती अधिक ताठ असते आणि बहुधा स्वस्तही पडते.

वर्गात करून पाहा

शाळेच्या पोलादी कपाटाला चुंबक चिकटवा. मग मध्ये एकेक पोस्टकार्ड वाढवत जा. कितव्या कार्डाला चुंबक गळून पडते? विद्यार्थ्यांनी आधी अंदाज लिहून ठेवावा आणि मग मोजावे.