शिल्लक पाणी कोणाचें?

व्यापाऱ्याच्या वहींत 'शिल्लक' हा शब्द मोठ्या जपून लिहिला जातो. हुंडी पटवावयाची आहे, नोकरांचे पगार द्यावयाचे आहेत, सरकारचा कर भरावयाचा आहे, अशा रकमा केवळ गल्ल्यांत पडून आहेत एवढ्यावरून त्यांस शिल्लक म्हणणारा मुनीम पेढीवर एक दिवसहि टिकणार नाहीं. सर्वांचें देणें चुकतें झाल्यावर जें उरतें तेंच शिल्लक, ही गोष्ट बाजारांतल्या पोरासहि ठाऊक आहे. परंतु पेढी सोडून धरणाच्या भिंतीवर जाऊन उभें राहिलें, कीं हा सरळ हिशेब आम्ही पार विसरतों. भिंतीआड पाणी दिसत आहे, शहराची मागणी आली आहे, आणि कालवा त्या दिवशीं कोरडा आहे, एवढें जुळून आलें म्हणजे तें पाणी 'जादा' ठरतें व शहरास विकलें जातें. पुणें शहराच्या पाण्याचा व्यवहार ह्याच एका शब्दावर चालला आहे; म्हणून त्या शब्दाची आज आम्हांस थोडी उलटतपासणी करावयाची आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून नळ बांधून शहरांत पाणी आणलें, तेव्हां खरेदीविक्रीचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न खडकवासल्याबरोबर जन्मास आला. १८७९ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ह्या धरणाचे हेतु दोन होते: पुण्यास व लष्करास पाणी पुरविणें हा एक, आणि पूर्वेकडील अवर्षणी टापूस कालव्यानें पाणी देणें हा दुसरा. पुढें पानशेत, वरसगांव व टेमघर हीं धरणें झालीं. आज चौघांची मिळून उपयुक्त साठवण सुमारें २९ अब्ज घनफूट धरली जाते. ह्या पाण्यावर हवेली, दौंड, इंदापूर व बारामती ह्या तालुक्यांतील सुमारें ६२ हजार हेक्टर जमिनीचा हक्क सांगितलेला असून नवा मुठा उजवा कालवा त्यासाठीं सुमारें २०० किलोमीटर धांवतो. म्हणजे ज्या कोठारांतून शहर पाणी उचलतें, तें प्रथमपासूनच सामाईक आहे. सामाईक कोठारांत एका भागीदारानें हात घातला, तर त्याचें माप दुसऱ्यास दिसलें पाहिजे, हा साधा न्याय होय.

आतां मापाकडे वळूं. पुणें महानगरपालिकेचा पाटबंधारे खात्याशीं जो करार झाला, त्यांत शहराचा वांटा वर्षास साडेअकरा अब्ज घनफूट ठरला. प्रत्यक्षांत अलीकडच्या वर्षांत शहर १८ अब्ज घनफुटांहूनहि अधिक पाणी उचलीत आलें आहे. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारें २,८३२ कोटी लिटर. त्या हिशेबानें साडेअकरा अब्ज घनफूट म्हणजे रोज ८९ कोटी लिटर झाले. भुयारी गटारें असलेल्या शहरास माणशीं रोज १३५ लिटर पाणी पुरें, असें सरकारी मान आहे. वाचकांनीं भागाकार करून पाहावा: कराराचें पाणी ६६ लाख माणसांस पुरेल, आणि अठरा अब्ज घनफूट एक कोटीहून अधिक माणसांस! २०११ च्या शिरगणतींत पालिकेच्या हद्दींत ३१ लाख २४ हजार लोक होते. त्यानंतर २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें शहरांत घेतलीं गेलीं. सबब, लोकसंख्या दुप्पट झाली असें धरून चाललें, तरीहि कराराचें पाणी कमी पडण्याचें कारण दिसत नाहीं.

मग हें पाणी जातें कोठें? शंभरांतील ३५ ते ४० भाग वाटेंतच गळतात किंवा हिशेबाबाहेर जातात, असें पालिकेचेच अधिकारी सांगत आले आहेत. अठरा अब्ज घनफुटांचे शेंकडा ३५ म्हणजे सहा अब्ज घनफुटांहून अधिक! हा आंकडा ध्यानांत ठेवून भामा-आसखेडकडे पाहावें. खेड तालुक्यांतील हें धरण शेतीच्या नांवानें बांधलें गेलें. त्याकरितां शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या. कालव्यांचें काम मात्र तडीस गेलें नाहीं. आणि कालवे नसल्यामुळें जें पाणी शेतांत पोंचूं शकलें नाहीं, तेंच पुढें शहरांसाठीं उपलब्ध ठरलें. त्यांतून पुण्याच्या पूर्व भागाकरितां अडीच अब्ज घनफुटांहून थोडें अधिक पाणी मंजूर होऊन २०२१ च्या जानेवारींत तें नळानें येऊं लागलें. तत्पूर्वीं पुनर्वसनाची व मोबदल्याची तक्रार घेऊन धरणग्रस्तांनीं तें काम वारंवार बंद पाडलें होतें. वडगांव शेरी, खराडी, लोहगांव येथील रहिवाशांस पाण्याची खरी गरज होती हें आम्ही नाकारीत नाहीं. टँकरच्या पाण्यावर संसार करणें किती जाचाचें असतें, तें त्यांनाच विचारावें. परंतु शहराच्या फुटक्या नळांतून जें पाणी वाहून जातें, त्याच्या निम्म्याहूनहि कमी पाण्यासाठीं दुसऱ्या खोऱ्यांत जावें लागावें, ही गोष्ट कोणत्या हिशेबी माणसास पटेल? घरच्या रांजणास भोंक पडलें असतां तें न बुजवितां शेजाऱ्याच्या आडावर पोहरा टाकणें, ह्यास गरज म्हणत नाहींत.

ह्यावर उत्तर ठरलेलें आहे. पिण्याच्या पाण्यास पहिला मान, असें सरकारचें जलधोरणच सांगतें. तहानलेल्या शहरापुढें ऊंसाचा हट्ट कशाला? पहिला मान पिण्याच्या पाण्याचा, हें आम्हांसहि शिरसावंद्य आहे. ऊंसाच्या पाटपाण्याची उधळपट्टी आम्ही झांकूं इच्छित नाहीं. कालव्याच्या तोंडाशीं ऊंस पोसून शेपटाकडील ज्वारी वाळवावयाची, हा शेतीचा न्याय नव्हे. पण शहराच्या नळानें जें जें वाहतें तें सर्व पिण्याचेंच, हें कोणीं ठरविलें? मोटारी धुण्याचें, इमारतीच्या कामाचें, पोहण्याच्या हौदाचें पाणीहि पिण्याच्या पाण्याच्या पंक्तीस बसवून दौंडच्या भुसारास उठवावयाचें, हा धोरणाचा अर्थ नसून अनर्थ होय. शिवाय तहान कांहीं एकट्या शहरासच लागत नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत दौंड व इंदापूर यांच्या पिण्याच्या पाण्याकरितां खडकवासल्यांतून पाणी सोडण्याचें ठरतांच पुण्यांत केवढा गिल्ला झाला! त्या वेळीं तंटा ऊंसाचा नव्हता. एका घशाचा दुसऱ्या घशाशीं होता. पहिल्या मानाचा मंत्र आपल्यापुरता म्हणावयाचा व दुसऱ्याच्या वेळीं विसरावयाचा, हें सुशिक्षित नगरास शोभत नाहीं.

आतां कायद्याची बाजू पाहूं. विकणारास जेवढा हक्क असतो तेवढाच घेणारास मिळतो, हें खरेदीविक्रीच्या कायद्याचें मूळ सूत्र आहे. धरणांतील पाणी सरकारच्या मालकीचें नव्हे. सरकार त्याचें विश्वस्त आहे. नैसर्गिक संपत्ति सरकारपाशीं लोकांची ठेव म्हणून असते, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं कमलनाथ प्रकरणांत स्पष्ट सांगितलें आहे. विश्वस्तास ठेवीचा व्यवहार करतां येतो; परंतु ज्यांची ठेव त्यांस न विचारतां व हिशेब न दाखवितां करतां येत नाहीं. नाहींतर आयजीच्या जिवावर बायजी उदार, अशांतला प्रकार होतो. ह्यासाठींच महाराष्ट्रांत २००५ सालीं जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. ठोक पाण्याचे दर ठरविणें व पाण्याचे हक्क नोंदणें हें काम एका स्वतंत्र न्यायासनाकडे यावें, ही त्यांतील कल्पना उत्तम होती. परंतु शेती, शहर व कारखाने यांत पाणी कसें वांटावयाचें, हा मुख्य अधिकार २०११ च्या दुरुस्तीनें पुन्हा मंत्रिमंडळाकडे गेला. न्यायाधीशास मोजपट्टी द्यावयाची आणि कापड दुसऱ्यानेंच फाडावयाचें, असा हा प्रकार झाला!

मग शहरांनीं पाणी विकत घेऊंच नये कीं काय? असें आमचें म्हणणें नाहीं. घेण्याचे मार्ग दोन आहेत, व दोहोंचीं उदाहरणें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत सांपडतात. लॉस एंजेलिस शहरानें ओवेन्स खोऱ्यांतील जमिनी पाण्याच्या हक्कांसह खरेदी करून १९१३ सालीं तेथील नदी कालव्यानें शहराकडे वळविली. पुढच्या दहापंधरा वर्षांत तेथील सरोवर आटलें, शेतकऱ्यांनीं १९२४ सालीं सुरुंगानें कालवा उडविला, आणि कोरड्या तळाची विषारी धूळ दाबण्याकरितां शहरास पुढें अफाट खर्च करावा लागला. त्याच प्रांतांत सान डिएगोनें २००३ सालीं निराळा करार केला. इंपीरियल खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं पाणी वांचवावें, त्याचा मोबदला शहरानें द्यावा, कालव्यांस अस्तर करून गळती थांबवावी, आणि वांचलेलें तेवढें पाणी शहरानें घ्यावें. शेतांतून झिरपणारें पाणी कमी झाल्यामुळें जवळच्या साल्टन सरोवराची हानि झाली, म्हणून हाहि करार निर्दोष नव्हे. तरीपण पहिल्यांत शहरानें असलेलें पाणी नेलें, दुसऱ्यांत वांचविलेलें नेलें. हा भेद लहान नाहीं. वांचवून उरलेलें पाणी हेंच खरें शिल्लक.

पुण्याच्या करारांतहि अशा विचाराचें एक कलम आहे. शहरानें वापरलेलें साडेसहा अब्ज घनफूट पाणी शुद्ध करून शेतीसाठीं परत द्यावें, असें ठरलें असून त्यासाठीं मुंढव्यास पंप बसवून जुन्या कालव्यांत पाणी सोडण्याची योजना झाली. हें कलम प्रामाणिकपणें पाळलें गेलें, तर शहर व खेडें यांच्या भांडणाचा निम्मा भाग मिटेल. परंतु परत येणारें पाणी नीट शुद्ध केलेलें नसतें, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. उसनें घेतलेलें धान्य किडकें करून परत देणारास गांवांत दुसऱ्यांदा कोणी उसनें देत नाहीं, हें पालिकेनें लक्षांत ठेवावें.

म्हणून आमच्या सूचना चार आहेत. पहिली, शहर जेथें जेथें पाणी उचलतें तेथील मापकाचे आंकडे दरमहा प्रसिद्ध व्हावे. ज्या व्यवहाराची वही उघडी नाहीं, तो व्यवहार नव्हे. दुसरी, गळती ठरल्या मुदतींत ठरल्या प्रमाणांत कमी झाल्याचें सिद्ध केल्यावांचून नव्या धरणाचें पाणी शहरास मंजूर होऊं नये. तिसरी, पाण्याच्या किंमतींत कालव्याच्या दुरुस्तीचा व धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा खर्च धरावा, आणि ती रक्कम सरकारी तिजोरींत लुप्त न होतां शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांच्या हातीं पडावी. चौथी, पाऊस कमी पडेल त्या वर्षीं तूट कोणीं किती सोसावी, हें करारांतच लिहिलेलें असावें; म्हणजे कालवा सल्लागार समितीच्या बैठकींत ज्याचा आवाज मोठा त्याचें पाणी, हा प्रकार बंद होईल.

ह्या सूचना अमलांत आल्यास नळपट्टी थोडी वाढेल, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. पुण्याच्या नागरिकानें व व्यापाऱ्यानें ती वाढ आनंदानें द्यावी, असें आमचें त्यांस सांगणें आहे. कारण ज्या दौंड-इंदापुराच्या धान्यावर, गुळावर व भाजीपाल्यावर मार्केट यार्डाच्या पेढ्या चालतात, त्यांचाच कालवा आटला, तर शहराचा नळ भरलेला असूनहि बाजार कोरडा पडेल. जो शहरी मनुष्य सकाळीं तोटी सोडतो, त्यानें एवढेंच मनांत आणावें, कीं ह्या धारेचें दुसरें टोंक कोणाच्या तरी शेताच्या बांधाशीं आहे. त्या टोंकाशीं उभा असलेल्या माणसाचें देणें चुकतें झालें आहे काय? ह्या प्रश्नाचें 'होय' असें उत्तर मिळेपर्यंत धरणांतील एका थेंबासहि शिल्लक म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.