म्हातारं मांजर आणि पायाखालची माती (घरातली वडीलधारी मांजरं : भाग ७)

छत्रपती संभाजीनगरच्या आसपासची काळी जमीन मे महिन्यात हात आत जाईल इतकी भेगाळते आणि पावसाळा लागला की फुगून त्याच भेगा बुजवून टाकते. हे फुगणं-आकसणं घडवणारं खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. मांजराच्या ट्रेमध्ये आपण बेंटोनाइटचं जे राखाडी लिटर ओततो, त्यातही मुख्यतः हेच खनिज असतं. गुजरातेत कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी आहेत. कच्छमधला साठा तर दख्खनच्या ज्वालामुखी खडकांशीच जोडलेला, म्हणजे आपल्या काळ्या मातीचा तो जवळचा नातलग. लघवी पडली की त्याचे कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि झाऱ्याने उचलता येईल असा गोळा होतो.

मातीच्या लिटरची गोष्ट फार जुनी नाही. 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्याच्या घरच्या धंद्यात कारखान्यांतलं सांडलेलं तेल टिपायला मुलतानी मातीच्या जातीची भाजलेली माती विकली जायची. त्याने वाळूऐवजी तीच दिली आणि शेजारणीला ती आवडली. गोळा होणारं बेंटोनाइट आलं ते 1980च्या दशकात. एड लोच्या मातीआधी जगभरच्या घरांत राख, वाळू आणि भुसाच होता. आपल्याकडे तर मांजर मागच्या अंगणात जायचं आणि प्रश्नच यायचा नाही. सिडको-हडको, गारखेड्याच्या फ्लॅटांतली मांजरं आता जन्मभर घरात राहतात, नीट खातात, लसी घेतात आणि बारा-पंधरा वर्षं सहज जगतात. म्हणून म्हाताऱ्या मांजराचं लिटर हा प्रश्न आपल्या शहरात आत्ता आत्ता उभा राहिला आहे.

लिटर बदलण्याची कारणं बहुतेकदा माणसांच्या बाजूची असतात. दहा किलोची पिशवी जिन्याने वर न्यावी लागते, ओतताना धूळ उडते, घरात कुणाला दमा असतो, पर्शियन मांजराच्या पंजातल्या केसांत ओले खडे अडकून घरभर पसरतात. ही कारणं खरी आहेत. पण मांजर दहा वर्षांच्या पुढे गेलं असेल तर पर्यायी लिटर निवडताना मी दोनच गोष्टी आधी पाहायला सांगेन. त्या लिटरवर मांजराला न दुखता उभं राहता येतं का? आणि त्या लिटरमधून मांजराची तब्येत तुम्हाला वाचता येते का? वास, किंमत, पर्यावरण हे सगळं त्यानंतर.

पहिली गोष्ट पायांची. अमेरिकेत एका संशोधनात बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा त्यांतल्या 90 मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसली. ते निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. यातल्या कितीतरी मांजरांच्या आजाराच्या नोंदींत संधिवाताचा उल्लेखही नव्हता, कारण मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. ते फक्त कमी उड्या मारतं, जास्त झोपतं, आणि एक दिवस ट्रेच्या बाहेर, दाराजवळच्या पायपुसण्यावर लघवी करतं. घरातले म्हणतात, आता हे मुद्दाम करायला लागलं. मुद्दाम काहीही नसतं. ट्रेची कड ओलांडताना मागचे पाय दुखतात. आत गेल्यावर खोल लिटरमध्ये पाय रुततात, तोल सावरायला कंबरेवर जोर येतो, आणि शी करताना तसंच ओणवं राहावं लागतं. दोन-चार वेळा दुखलं की मांजर त्या जागेलाच दुखण्याशी जोडतं आणि मऊ, सपाट, सोपी जागा शोधतं. पायपुसणं नेमकं तसं असतं.

त्यात नखांची भर. म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होतात, नीट आत जात नाहीत, कधी वाढून पंजाच्या गादीत रुततात. अशा पंजाखाली लाकडाच्या टणक गोळ्या आल्या तर काय होत असेल, हे आपण अनवाणी खडीवर उभं राहून समजून घ्यावं. आपलं पाळीव मांजर पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातल्या रानमांजरापासून आलेलं आहे. सुटी, बारीक, उकरता येणारी जमीन त्याच्या स्वभावातच आहे. मांजरांना निवड दिली तर बहुतेक बारीक दाण्याचं, वास नसलेलं लिटर निवडतात. लॅव्हेंडरचा सुगंध आपल्यासाठी असतो.

दुसरी गोष्ट वाचण्याची, आणि तिच्यावर मी जास्त जोर देतो. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार फार आढळतो, त्याखालोखाल मधुमेह आणि थायरॉइड. तिन्हींत पाणी पिणं आणि लघवी वाढते. रक्तातलं क्रिएटिनीन वर जाईपर्यंत मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असू शकतं, असं पशुवैद्यकात शिकवलं जातं. ट्रेमधले गोळे त्याआधीच मोठे व्हायला लागलेले असतात. रोज लिंबाएवढे दोन-तीन गोळे निघत होते, आता मुठीएवढे चार निघतात, हे ज्याला दिसतं तो डॉक्टरांकडे वेळेत जातो. उलट बारीक बारीक, सुपारीएवढे खूप गोळे म्हणजे मूत्राशयाचा दाह असू शकतो. आणि बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय, पण गोळा एकही नाही, तर त्याची मूत्रनलिका तुंबलेली असण्याची दाट शक्यता. तिथे उद्यापर्यंत थांबायचं नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा. शीसुद्धा सांगते: कोरडी, टणक, लहान लेंड्यांसारखी झाली तर शरीरात पाणी कमी पडतंय किंवा बसताना दुखतंय. मागच्या आठवड्यात पाण्याच्या भांड्यांबद्दल लिहिलं होतं ते इथे जोडून वाचा.

या दोन कसोट्या लावून पर्याय पाहू.

सोयाबीनच्या चोथ्याचं, म्हणजे टोफूचं लिटर सध्या ऑनलाइन आणि शहरातल्या पेट शॉपमध्येही सहज मिळतं. शेवेच्या तुकड्यांसारखे त्याचे दाणे पंजाखाली दाबले जातात, धूळ जवळजवळ नसते, पिशवी हलकी असते आणि गोळाही होतो. बेंटोनाइटपेक्षा महाग पडतं, पण म्हाताऱ्या मांजरासाठी माझी पहिली पसंती यालाच. घेताना बारीक दाण्याचं घ्यावं, दोन मिलिमीटरच्या आसपासचं. दोष एकच, ते शेवटी धान्याचंच आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडी पिशवी ठेवली तर बुरशी धरते, किडे होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ट्रेमध्ये एका वेळी थोडंच घाला.

मक्याचं लिटरही मऊ आणि बारीक असतं, गोळा बरा होतो. सिल्लोड-कन्नडकडे मका भरपूर, म्हणून दाणे काढून उरलेली कणसं दळून घरीच लिटर करता येईल का, असं काहींना वाटतं. तत्त्वतः येईल, पण ओल लागलेल्या मक्यात बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला घातक असतं, आणि मांजर पंजे चाटतं. माल पूर्ण कोरडा असल्याची खात्री नसेल तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

लाकूड. इथे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते. पाइनच्या दाबून केलेल्या गोळ्या वास चांगला धरतात, स्वस्त पडतात, पण त्या जाड आणि टणक असतात आणि लघवीने त्यांचा भुसा होतो, गोळा होत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा संशय असलेल्या मांजराची लघवी त्यात मोजणं अवघड जातं. दुसरा तो सुताराकडचा किंवा लाकूड कापण्याच्या मशीनवरचा भुसा. तो मऊ असतो, जवळजवळ फुकट मिळतो, आणि जुनी मंडळी तोच वापरत आली. पण आज त्यात प्लायवूडचा डिंक, पॉलिश, वाळवी प्रतिबंधक औषध, कधी बारीक खिळे असतात. फर्निचरचं काम चाललेल्या ठिकाणचा भुसा आणू नका. साध्या, कोऱ्या लाकडाचा, रंध्याने निघालेला जाडसर भुसा खात्रीने मिळत असेल तर तो चालतो. पिठासारखी बारीक धूळ मात्र दम्याच्या मांजराला बेंटोनाइटइतकीच त्रासदायक.

कागदाच्या गोळ्या शस्त्रक्रियेनंतर उत्तम, जखमेला काही चिकटत नाही. एरवी ओलसर राहतात आणि लवकर वास मारतात. सिलिकाचे पांढरे खडे म्हाताऱ्या मांजरासाठी मला पसंत नाहीत: पायाला टोचतात आणि लघवी आत शोषून घेतात, त्यामुळे किती झाली ते कळत नाही.

राहिली शेतातली काळी माती, कारण खनिज तेच तर मग तीच का नको, हा प्रश्न येणारच. बेंटोनाइट निवडून, वाळवून, चाळून येतं. शेतातली माती ओली झाली की चिखल होते, वाळली की ढेकूळ, आणि तिच्यात जंतांची अंडी असतात. बांधकामाची वाळू मांजराला आवडते खरी, पण ती लघवी शोषत नाही, खाली झिरपू देते, आणि दोन दिवसांत अमोनियाचा वास सुटतो. एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात तर लवकरच.

आता ट्रे, कारण लिटर कितीही मऊ असलं तरी कड उंच असेल तर उपयोग नाही. बाजारातले छोटे रंगीत ट्रे पिल्लांच्या मापाचे असतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजराची जी लांबी, तिच्या दीडपट लांब ट्रे हवा. भांड्यांच्या दुकानात मिळणारा मोठा चौकोनी प्लास्टिकचा टब घ्या, एका बाजूची कड तीन-चार सेंटिमीटर उंचीपर्यंत कापा आणि कापलेली धार पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. बाकीच्या तीन बाजू उंच राहू द्या, कारण मागचे पाय दुखणारी मांजरं अर्धवट उभ्यानेच लघवी करतात. झाकणाचा ट्रे नको. लिटर कापलेल्या कडेच्या खालीच राहील इतकं पुरे, खोल भरलं की पाय रुततात. शहाबादी फरशी किंवा चकचकीत टाइल असेल तर ट्रेभोवती गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा म्हणजे पाय घसरणार नाहीत. गच्चीवर किंवा खालच्या पार्किंगमध्ये ट्रे ठेवायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. मांजर जिथे झोपतं त्याच मजल्यावर, रात्री अंधूक दिवा असलेल्या जागी ट्रे हवा.

लिटर बदलताना जुनं एकदम काढू नका. जुन्यात थोडं थोडं नवं मिसळण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते आणि तरुण मांजराला ती चालते. म्हाताऱ्यासाठी मला दोन ट्रे शेजारी ठेवणं अधिक बरं वाटतं, एकात जुनं, एकात नवं. निवड त्याची. नव्या ट्रेमध्ये गोळे वाढले की मग जुना हळूहळू दूर करा. मांजर आजारी असताना, औषधं चालू असताना, घरात पाहुणे किंवा रंगकाम असताना बदल करूच नका. आणि दोन महिने दोन्ही ट्रे ठेवूनही त्याने जुनंच बेंटोनाइट पसंत केलं, तर धूळ कमी असलेलं, सुगंध नसलेलं बेंटोनाइट त्याला राहू द्या.

आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे ट्रे रोज धुणं बहुतेक घरांत शक्य नाही. म्हणूनही गोळा होणारं लिटर सोयीचं: गोळे रोज दोनदा काढायचे, ट्रे पाणी येईल त्या दिवशी साध्या साबणाने धुवायचा. फिनाईलने कधीही नाही. मांजराचं यकृत फिनॉलवर्गातली द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही, आणि फिनाईलने पुसलेल्या ट्रेमधून ती पंजावर आणि पंजावरून पोटात जातात. ट्रेजवळची फरशीसुद्धा फिनाईलने पुसू नका.

काढलेल्या लिटरचं काय करायचं, हा प्रश्न या शहराला तरी किरकोळ वाटू नये. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या कचरा डेपोला गावकऱ्यांनी विरोध केला, गाड्या अडवल्या आणि शहरात महिनोन्‌महिने कचऱ्याचे ढीग साचले. बेंटोनाइट कुजत नाही, तितक्याच वजनाने डेपोवर पडून राहतं. सोयाबीन, मका, लाकूड कुजतं, आणि हे त्यांच्या बाजूचं खरं कारण आहे. पण कुजतं म्हणून टॉयलेटमध्ये टाकू नका, पिशवीवर लिहिलेलं असलं तरी. पाण्याच्या टंचाईत अर्धवट फ्लश झालेलं लिटर ड्रेनेज तुंबवतं. बागेतल्या खतातही नको. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. शी पडल्यावर त्याची अंडी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोज काढलेल्या ट्रेचा धोका कमी असतो, साचवलेल्याचा जास्त. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने साफ करावा. गावी शेत आहे, तिथे टाकून येऊ, असं ज्यांच्या मनात असेल त्यांनी शेळ्यांचा विचार करावा. याच परजीवीमुळे शेळ्या-मेंढ्या गाभडतात. चाऱ्याच्या, गोठ्याच्या आसपास मांजराची शी जाता कामा नये. कागदात घट्ट गुंडाळा, वर पिशवी बांधा आणि घंटागाडीवाल्याला ते काय आहे हे सांगून वेगळं द्या, कारण पुढे ते कुणाच्या तरी उघड्या हातांतून जाणार असतं.